उरीया कोणाचा?

(शास्त्रपाठ : २ शमुवेल, अध्याय ११ वा व २३ : २४–३९, एज्रा २ : ५९–६३)



पवित्र शास्त्र वाचीत असता नावांची यादी आली म्हणजे आपण पान उलटतो. कौटुंबिक उपासनेत मोठ्याने वाचणारा मुलगा त्या परक्या नावांवर अडखळू लागतो, आणि बापच त्याला पुढचा अध्याय घ्यावयास सांगतो. मी पाळक असूनही पुष्कळ वर्षे असेच करीत आलो, हे कबूल करतो. परंतु गेल्या भातकापणीच्या सुमारास एक गोष्ट घडली, आणि तेव्हापासून या याद्या मला निराळ्या दिसू लागल्या आहेत.

साकोलीच्या बाजूस रानाच्या कडेला आमची एक लहान मंडळी आहे. तेथील एक वृद्ध भगिनी, वय ८० च्या पुढे, उपासना संपल्यावर मजजवळ आल्या. पदराच्या गाठीतून एक धातूचा तारा काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवला. सहा टोकांचा, मध्ये राजमुकुट. त्यांचा नातू तो पितळेचा समजून भंगारात घालावयास निघाला होता. भंडारा हे पितळी भांड्यांचे गाव, तेव्हा आपल्याकडे पिवळा धातू दिसला की भाव काय, हा विचार आधी सुचतो. त्या मुलाला मी दोष देत नाही. आजींनी तो तारा त्याच्या हातून परत घेतला होता.

त्यांचा जन्म १९४२ सालचा. बाप पलटणीत गेला तेव्हा त्या पाळण्यात होत्या. तो ब्रह्मदेशाच्या लढाईतून परतला नाही. आईने पुढे पाट लावला, आणि नातीला आजोबांनी वाढविले. १९५१ साली आजोबांचा व नातीचा एकाच दिवशी बाप्तिस्मा झाला. आजींची विनंती एवढीच होती की, माझा बाप कोठे पडला, आणि त्याचे नाव कोठे लिहिलेले आहे की नाही, हे डोळे मिटण्यापूर्वी मला कळावे.

त्या रात्री मी उरीयाची कथा पुन्हा वाचली.

दावीदाच्या शूर वीरांच्या यादीत पुष्कळांचा बाप कोण व गाव कोणते हे नोंदलेले आहे. एल्हानान हा दोदोचा पुत्र, बेथलेहेमचा. ईरा हा इक्केशाचा पुत्र, तकोवाचा. असाएल हा यवाबाचा भाऊ. ही यादी करणाऱ्या लेखनिकाला ठाऊक होते की शिपाई हा आकाशातून पडत नाही. त्याच्यामागे एक घर असते, आणि घरात वाट पाहणारे कोणी असते. मग अगदी शेवटी, बेरजेच्या आकड्याला लागून, एक नाव येते : उरीया हित्ती. बापाचे नाव नाही. गाव नाही. आहे ती केवळ जात.

त्याची हकीकत आपणांस ठाऊक आहे. राजाने त्याच्या घरात पाप केले, आणि ते झाकण्याकरिता त्याला लढाईवरून बोलावून आणून घरी जावयास सांगितले. उरीया गेला नाही. सोबती उघड्या रानात पडलेले असता आपण घरचे सुख भोगावे हे त्याला पटले नाही, म्हणून तो राजवाड्याच्या दारी चाकरांबरोबर निजला. तेव्हा राजाने यवाबाला एक पत्र लिहून उरीयाच्याच हाती दिले, आणि त्या पत्रात उरीयाला मारविण्याची युक्ती लिहिलेली होती. स्वतःच्या मरणाचा हुकूम त्याने स्वतः वाहून नेला! आपल्या खेड्यांतील तरुणाने भरतीच्या वेळी ज्या कागदावर अंगठा उमटविला, त्यावर काय लिहिले आहे हे त्याला तरी कितीसे वाचता येत होते? राब्बा नगराच्या तटाखाली उरीया पडला. राजाकडे निरोप गेला तो लढाईचा. त्याच्या मरणाची बातमी त्या निरोपाच्या शेपटाला जोडलेली होती. त्याच्याकरिता रडली ती एक त्याची बायको.

आता मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय पाहा. प्रभूची वंशावळ लिहिताना मत्तय शलमोनाच्या आईचे नाव लिहीत नाही. ती पूर्वी उरीयाची स्त्री होती असे लिहितो. उरीयाचे रक्त त्या वंशावळीत नाही. तो कोणाचा पूर्वज नव्हे. वंशावळीत त्याला जागा देण्याचे काही कारण नव्हते, आणि राजघराण्याच्या अब्रूकडे पाहता ती न देण्याची पुष्कळ कारणे होती. तरी पवित्र आत्म्याने ते नाव गाळू दिले नाही.

आपल्या देशातून पहिल्या महायुद्धात १३ लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली व सुमारे ७४,००० मेली. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्याची संख्या २५ लाखांपर्यंत चढली व सुमारे ८७,००० मेले. बहुतेक सर्व खेड्यांतील. सातारा जिल्ह्यात अपशिंगे म्हणून गाव आहे, त्याला लोक अपशिंगे मिलिटरी असेच म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जण मेले. पश्चिम महाराष्ट्राच्या पुष्कळ गावांत चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत सरकारने बसविलेली संगमरवरी पाटी आढळते. या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके मेले, असे तीवर कोरलेले असते. आकडा आहे, नावे नाहीत.

मृत शिपायांची नावे राखण्याकरिता १९१७ साली विलायतेत एक मंडळ स्थापन झाले. हल्ली त्यास कॉमनवेल्थ युद्धकबर आयोग म्हणतात. हुद्दा, वंश व धर्म यांवरून मृतांत भेद करावयाचा नाही, असा त्याचा नियम. नियम उत्तम होता. परंतु बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली गेली, आणि हिंदी पलटणींच्या साध्या शिपायांचा केवळ आकडा घातला गेला. २०२१ च्या एप्रिलात त्या आयोगाने स्वतःच चौकशी करून अहवाल प्रसिद्ध केला, आणि त्यात कबूल केले की ४५,००० ते ५४,००० मृतांस, ज्यांत हिंदी शिपाई पुष्कळ, इतरांप्रमाणे समान मान दिला गेला नाही. आणि त्यांवेगळे निदान १,१६,००० असे, मुख्यतः आफ्रिकेतील व मध्यपूर्वेतील, की ज्यांची नावे कोठे लिहिलीच गेली नसावीत. शंभर वर्षांनी का होईना, कबुली दिली. पाप कबूल करणाऱ्याची आपण थट्टा करू नये.

ज्याला मोठे पदक मिळते त्याचे नाव शोधावे लागत नाही. नाईक यशवंत घाडगे हे कोकणातील माणगावाजवळच्या पळसगावचे. तो तेव्हाचा कुलाबा जिल्हा. १९८१ पासून रायगड. मराठा लाइट इन्फंट्रीत ते होते. १९४४ च्या १० जुलैस इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशिनगनचा मारा झाला, आणि त्यांच्यावाचून तुकडीतील सर्व जण मेले किंवा घायाळ झाले. ते एकटे त्या तोफेवर धावून गेले, ती बंद पाडली, आणि मग दुरून आलेल्या गोळीने पडले. वय २२. मरणोत्तर त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्या पत्नीचे नाव लक्ष्मीबाई हे आज ज्याला पाहिजे त्याला कळू शकते. माणगावास त्यांचा पुतळा आहे. आणि इटलीतील मोंतोने या गावच्या लोकांनी २०२३ साली त्यांच्या नावाने छायायंत्र उभारले, म्हणजे उन्हाच्या सावलीवरून वेळ दाखविणारे घड्याळ. ज्या परक्या गावाच्या डोंगरावर तो मुलगा मेला, त्या गावाने जवळजवळ ८० वर्षांनी त्याची आठवण केली, हे वाचून मला फार समाधान वाटले. परंतु त्या इटलीच्या मोहिमेत सुमारे ५०,००० हिंदी शिपाई होते, आणि त्यांतील पाच हजारांहून अधिक तेथेच राहिले. त्यांचे बाप कोण, गावे कोणती, बायका कोणत्या, हे कोण विचारतो?

आमच्या आजींचा तारा आमच्या उपयोगी पडला. विलायतेच्या शिपायांना दिलेले असे तारे पाठीमागून कोरे असत. हिंदी शिपायांच्या ताऱ्यांवर मात्र क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण ही कोरलेली असतात. आमच्या तरुण उपदेशकाने तो चिंचेने घासून अक्षरे वाचली, आणि आपल्या मोबाइलवर त्या आयोगाच्या नोंदी उघडून एका घटकेत नाव काढून दाखविले. रंगूनच्या उत्तरेस तौक्यान येथे मोठे युद्धस्मारक आहे. त्याच्या खांबांवर जवळजवळ २७,००० नावे आहेत, ज्यांची कबर ठाऊक नाही अशांची. त्यांत हे एक. नोंदीत अमक्याचा पुत्र, अमुक गाव, जिल्हा भंडारा, इतकेच होते. बायकोचे नाव नव्हते.

परंतु शिपायाच्या बापाचे जे नाव तेथे होते, ते आजींच्या आजोबांचे नव्हते. आणि गावाचे नाव कारकुनाने इंग्रजीत असे लिहिलेले की ते आपल्या जिल्ह्यातील दोन-तीन गावांस लागू पडावे. पिंपळगावे आपल्याकडे किती आहेत ते आपण जाणताच. त्यातून जिल्हाही तो राहिलेला नाही. तेव्हा भंडारा मध्यप्रांतात होता व साकोली ही मोठी तहसील होती; पुढे तिचे तालुके पडले, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. असा हा माणूस त्यांच्या बापाचाच की दुसरा कोणी, हे सांगता येईना.

उपदेशकाच्या म्हाताऱ्या चुलत्याने वाट दाखविली. तो म्हणाला, कोतवाल बुक पाहा. मालगुजारीच्या काळी प्रत्येक गावात कोतवाल असे. जन्म झाला, मरण झाले, की तो आपल्या वहीत कोणा लिहिणाऱ्याकडून नोंद करवून ती पोलिस ठाण्यात दाखवून येई. कोतवाल बहुधा महार असे. ज्याला गावच्या विहिरीवर चढू देत नसत, त्याच्या काखेत साऱ्या गावाचे जन्ममरण असे! त्या वह्यांच्या नकला अजून तहसील कचेरीतून मिळतात. जातीच्या दाखल्याकरिता लोक त्या घेतात.

आणि येथेच आमचे काम अडले. नकलेचा अर्ज लिहावयास बसलो तो आजींचा नातू म्हणाला की नको. त्या वहीत जात लिहिलेली असेल. पणजोबांचे जुने नाव असेल. आपण तीन पिढ्या ख्रिस्ती. मुलीच्या सोयरिकीचे बोलणे चालू आहे. आता तो कागद घरात कशाला?

भावांनो, मी त्याला बोल लावणार होतो, परंतु माझी जीभ उचलली नाही. मी सेमिनरीत जावयाचा अर्ज भरला तेव्हा आजोबांच्या नावाच्या जागी त्यांचे बाप्तिस्म्याचे नाव लिहिले होते. जुने नाव मला ठाऊक होते. त्यांना गावात त्याच नावाने हाक मारीत, आणि कशी हाक मारीत हेही मला ठाऊक होते. मी मनाशी म्हटले की जुने सर्व होऊन गेले, आता नवे झाले आहे. शास्त्राच्या आधाराने मी आपली लाज झाकली. हे पाप मी आजवर कोणास सांगितले नव्हते.

कोणाचा कोण, हा प्रश्न आपल्या वाडवडिलांना पुष्कळ वेळा विचारला गेला, आणि बहुधा दार लावण्यापूर्वी विचारला गेला. सैन्यातही तसेच झाले. महार शिपाई मुंबईच्या सैन्यात जुने. कोरेगावच्या १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावे भीमेकाठच्या स्तंभावर कोरलेली आहेत, आणि त्यांत ‘नाक’ हा शेवट असलेली पुष्कळ आहेत. तरी एकोणिसावे शतक संपता संपता लढवय्या जाती व इतर जाती असा भेद काढून सरकारने त्यांची भरती बंद केली. ज्यांचे बाप-आजे सुभेदार होते त्यांनी अर्जांवर अर्ज केले. १९१७ साली युद्धाची गरज लागली तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली, आणि गरज सरल्यावर १९२१ साली ती मोडली. पुन्हा युद्ध पेटले; डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. आणि १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगावास व नागपूरजवळच्या कामठीस महार पलटणी उभ्या राहिल्या. मरावयास माणसे हवी असली की कुळ चालते, आणि मग पुन्हा चालत नाही, हा जगाचा न्याय.

म्हणून नातवाची भीती मला समजते. पण एज्राच्या दुसऱ्या अध्यायात एक गोष्ट आहे, तिजकडे आपले लक्ष जात नाही. बाबेलच्या बंदिवासातून परतणाऱ्यांची ती यादी. त्यांत तेल-मेलह, तेल-हर्षा इत्यादी ठिकाणांहून आलेले काही लोक होते, ज्यांना आपल्या बापाचे घराणे दाखविता आले नाही. आपण इस्राएलातील आहो की नाही हेही सांगता येईना. त्यांना परत पाठविले काय? नाही. त्यांची मोजदाद झाली, आणि संख्या लिहिली गेली : ६५२. नहेम्याच्या यादीत हाच आकडा ६४२ आहे; कारकुनांची लेखणी तेव्हाही घसरत असे. याजकांपैकी ज्यांना वंशपत्र सापडले नाही त्यांना याजकपणापासून दूर ठेवले, हे खरे. त्यांचा निर्णय माणसांनी न करता उरीम व थुम्मीम यांच्याकडे, म्हणजे देवाकडे, सोपविला. घर दाखविता न आलेली माणसेही त्याच वाटेने घरी आली.

मी नातवाला हे सांगितले. आणि हेही सांगितले की उरीयाच्या नावापुढचा ‘हित्ती’ हा शब्द शास्त्राने पुसला नाही. तो शब्द पुसला असता तर उरीया कोण होता हे आपणांस कळले नसते, आणि दावीदाचे पाप किती मोठे होते हेही कळले नसते. परका मनुष्य इमानाने वागला. देवाचा निवडलेला राजा वागला नाही. ती जात उरीयाची लाज म्हणून तेथे लिहिलेली नाही. कोतवाल बुकातील शब्दही तुझ्या पणजोबांची लाज नव्हे. ज्यांनी त्या शब्दाने त्यांना दाराबाहेर ठेविले, त्यांची आहे. जात चांगली असे मी म्हणत नाही; प्रभूच्या मेजाशी तिला जागा नाही. परंतु आपला बाप कोण हे सांगण्यास जो लाजतो, त्याच्यावर तिचा अंमल अजून चालू आहे.

तो काही बोलला नाही. चार दिवसांनी त्यानेच अर्ज नेऊन दिला.

नक्कल यावयास दोन महिने लागले. १९४२ सालची नोंद : मुलगी जन्मली, बापाचे नाव ताऱ्यावर कोरलेले तेच, आजोबांचे नाव तौक्यानच्या नोंदीतील तेच. आजोबांनी बाप्तिस्म्याच्या वेळी बायबलातील नाव घेतले, आणि आमच्या वहीत जुने नाव कोणी टिपून ठेविले नाही. एक ओळ लिहिण्याचा कंटाळा केला, आणि बाप व लेक ७० वर्षे एकमेकांपासून तुटले. उपदेशकांनो, हे मी तुम्हांस उद्देशून लिहितो. बाप्तिस्मा देताना नवे नाव आनंदाने लिहा, पण जुनेही त्याच ओळीत लिहा. बापाचे, आईचे, गावाचे, आणि गाव कोणत्या तालुक्यात ते. घाई करू नका. तुमच्या त्या वहीकडे पुढे कोणते मनुष्य कोणत्या दुःखाने येईल हे तुम्हांस ठाऊक नाही.

नक्कल घेऊन आम्ही आजींच्या घरी गेलो. मी ती वाचून दाखविली, आणि त्यांनी पुन्हा वाचावयास सांगितली. मग त्यांनी मला जो प्रश्न विचारला तो मला येणारच हे ठाऊक होते, आणि त्याला मी भीत होतो. माझा बाप बाप्तिस्म्यावाचून मेला. सुवार्ता त्याच्या कानी पडली की नाही कोण जाणे. देवाच्या पुस्तकात त्याचे नाव असेल काय?

सोपे उत्तर माझ्याजवळ नव्हते, आणि जे शास्त्र सांगत नाही ते सांगण्याचा मला अधिकार नाही. मी त्यांना अब्राहामाची गोष्ट सांगितली. सदोमाच्या वाटेवर तो परमेश्वरापुढे उभा राहिला आणि त्याने विचारले की साऱ्या पृथ्वीचा न्यायाधीश अन्याय कसा करील. देव त्याच्यावर रागावला नाही. मी म्हटले, आजी, तुम्हीही तसेच विचारा. ज्याने उरीयाला विसरू दिले नाही, त्यालाच विचारा. त्यांनी मान हलविली. समाधान झाले असे मी म्हणणार नाही.

मग आम्ही बाप्तिस्म्याची जुनी वही काढली. १९५१ च्या त्या नोंदीच्या समासात उपदेशकाने आजोबांचे जुने नाव व शिपायाचे नाव लिहिले, ‘तौक्यान, ब्रह्मदेश’ असे लिहिले, आणि मी खाली तारीख घालून सही केली. आजींना वाचता येत नाही. त्यांनी वही मांडीवर घेतली, ओल्या शाईच्या ओळीशेजारी बोट ठेविले, आणि यात माझी आई कोठे आहे म्हणून विचारले. कोतवाल बुकाच्या नकलेत ती नव्हती. तौक्यानच्या नोंदीत नव्हती. आमच्याही वहीत नव्हती. आजींनी नाव सांगितले, आणि उपदेशकाने पुन्हा दौत उघडली.